पाटी मुठीला अडकवू नका, बेल वाजवा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत परत मांडतो. तुम्ही दोन वर्षांपासून तोक्योत, निशि-कासाईला राहता. १ जानेवारी २०२४ ला नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला, तेव्हा पाण्याच्या टँकरपुढे मुकाट रांगेत उभी असलेली माणसं तुम्ही टीव्हीवर पाहिलीत. पुण्याहून वडील फोनवर म्हणाले, "ते त्यांच्या रक्तातच आहे, आपल्याकडे नाही जमायचं." हे खरं का, आणि खरं असेल तर अशा समाजात परक्या माणसाने संकटाच्या वेळी करायचं काय, असं तुम्ही विचारलंय. जाता जाता आणखी एक वाक्य लिहिलंय: महिन्यातून एकदा कोणीतरी दाराच्या मुठीला कागद लावलेली पाटी अडकवून जातं, तुम्ही सही करता आणि न वाचताच पलीकडच्या दाराला अडकवून येता. तिथे एक म्हातारी बाई एकटीच राहते, तिला तुम्ही दोनदाच पाहिलंय.

मला उत्तर त्या शेवटच्या वाक्यात दिसतं. पण तिथे पोचायला थोडा वळसा घ्यावा लागेल.

मी मूळचा सिव्हिल इंजिनिअर. पहिलं काम किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९४ साली, औसा तालुक्यातल्या एका नव्या गावठाणाच्या आखणीवर केलं. मग शिकायला म्हणून कोबेला आलो आणि इथेच रुजलो. गेली पंचवीस वर्षं आपत्तीनंतर कोणाला कुठे आणि कोणाच्या शेजारी राहायला द्यायचं, याचे नकाशे काढण्यात गेली. त्यामुळे माझं उत्तर याच खिडकीतून येणार. एखादा डॉक्टर किंवा अग्निशमन अधिकारी वेगळं काही सांगेल आणि तेही बरोबर असेल. शिवाय प्रत्येक आपत्ती वेगळी. फुकुशिमात घर उभं असूनही परत जाता येत नव्हतं. नोतोत आधीच निम्मी वस्ती पासष्टीपुढची होती. त्यामुळे 'जपान कसा सावरतो' याचं एकच उत्तर माझ्याकडे नाही.

रांगेचं आधी बोलून टाकू. ती खरीच असते, मी स्वतः तीत उभा राहिलोय. २०११ च्या त्सुनामीनंतर वाहून आलेल्या हजारो तिजोऱ्या लोकांनी पोलिसांकडे जमा केल्या आणि आतली बहुतेक रोकड मालकांपर्यंत पोचली, हेही खरं. त्याच महिन्यांत एटीएम फोडली गेली आणि रिकाम्या घरांत चोऱ्या झाल्या, हेही तितकंच खरं. ते टीव्हीवर कमी दिसलं, इतकंच. पण रांग ही पहिल्या आठवड्याची गोष्ट. माझं काम सुरू होतं तिसऱ्या महिन्यात, कॅमेरे निघून गेल्यावर. एखादी वस्ती सावरणार की नाही, ते तेव्हा कळायला लागतं.

१७ जानेवारी १९९५ ची पहाट घ्या. पाच वाजून सेहेचाळीस मिनिटांनी कोबे हादरलं. पुढे मृतांचा आकडा ६,४३४ वर गेला. भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ, आवाजी बेटावर, होकुदान नावाचं छोटं गाव होतं. तिथे सुमारे ३०० माणसं ढिगाऱ्याखाली अडकली होती आणि त्यांना काढण्याचं काम त्याच दिवशी संपलं. गावाकडे ना मोठी यंत्रं होती ना लष्कर पोचलं होतं. होतं ते शोबोदान, म्हणजे गावातल्याच शेतकऱ्यांचं, मच्छीमारांचं, दुकानदारांचं हौशी अग्निशमन पथक. कोणाच्या घरात आजोबा कुठल्या खोलीत झोपतात, सून कुठे, मुलं कुठे, हे त्यांना पाठ होतं. पडलेल्या घरात नेमकं कुठे खणायचं ते त्यांना कोणाला विचारावं लागलं नाही. शहरातही जे जिवंत निघाले, त्यांतल्या बहुतेकांना शेजाऱ्यांनी आणि घरच्यांनीच काढलं होतं.

याला संस्कृती म्हणायचं तर म्हणा. पण ती आली कुठून? पथकाचा दर महिन्याचा सराव, सरावानंतरची बिअर, उत्सवाच्या पालखीला खांदा द्यायच्या पाळ्या आणि चोनाइकाइची, म्हणजे गल्लीच्या मंडळाची, कंटाळवाणी कामं. कचरा टाकायच्या जागेची साफसफाई या आठवड्यात कोणाकडे, वर्गणी कोण गोळा करणार, पाटी कोणाकडून कोणाकडे जाणार. ही कामं कोणाला आवडतात म्हणून कोणी करत नाही. माझ्या गल्लीत पाळी चुकवायला लोक काय काय सबबी सांगतात, ते ऐकलंत तर तुम्हाला पुण्याची आठवण येईल.

आता त्याच कोबेची दुसरी बाजू. बेघरांसाठी ४८,३०० तात्पुरती घरं बांधली गेली. जागा मिळेल तिथे, म्हणजे बहुतेक शहराबाहेर आणि समुद्रात भर घालून केलेल्या बेटांवर. वाटप लॉटरीने, पण आधी म्हातारे आणि अपंग. कागदावर याहून न्याय्य काय असणार? व्हायचं ते झालं. एकेका वसाहतीत एकमेकांना न ओळखणारी म्हातारी माणसं गोळा झाली आणि त्यांची धडधाकट शेजारीपाजारी माणसं मागेच राहिली. वसाहती बंद होईपर्यंतच्या पाच वर्षांत २३३ माणसं त्या घरांत एकटी मेली. काही तर कितीतरी दिवसांनी सापडली. कोदोकुशी, म्हणजे एकाकी मरण, हा शब्द तेव्हा घरोघरी पोचला. माणसं जपानीच होती, संस्कारही तेच होते. फक्त पलीकडे कोण राहतं हे ठाऊक नव्हतं.

हे लिहिताना मला किल्लारी आठवतं. तिथे घराचं क्षेत्रफळ जमिनीच्या मालकीवर ठरलं होतं: अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फूट. मी ज्या गावठाणावर होतो, तिथे एका मापाची घरं एका ओळीत आली. आखणी करताना मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही, उलट नकाशा देखणा दिसत होता. रुंद सरळ रस्ते, काटकोनातले चौक. दोन वर्षांनी परत गेलो तेव्हा एक आजी त्या रुंद रस्त्याकडे हात करून म्हणाल्या, "आता भाकरी थापताना कुनाशी बोलायचं म्हनलं तर वरडावं लागतंय." जुन्या गावात गल्ली चार हातांची होती. पलीकडचा खोकला ऐकू यायचा, आणि तो ऐकू आला नाही की कोणीतरी डोकावायचं. ती चूक माझीही होती. तिच्यामुळेच मी हा विषय शिकायला बाहेर पडलो.

जपान कोबेतून काय शिकला, ते २००४ च्या ऑक्टोबरात निइगाता प्रांतात दिसलं. यामाकोशी हे डोंगरातलं गाव, चौदा वाड्यांचं. रंगीत कोइ मासे आणि बैलांच्या झुंजी यांसाठी प्रसिद्ध. भूकंपाने सगळे रस्ते तुटले आणि सुमारे दोन हजार माणसांना हेलिकॉप्टरने नागाओका शहरात आणलं गेलं. (बैलही मागाहून हेलिकॉप्टरनेच आले. पोळा करणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळं समजवायला नको.) सुरुवातीला जो जसा उतरला, तसा वेगवेगळ्या शाळांत आणि सभागृहांत गेला. मग काही दिवसांतच गावाने एक उठाठेव केली. सगळ्यांना पुन्हा हलवून वाडीनिहाय बसवलं. बाहेरच्याला वाटेल, दमलेल्या माणसांना कशाला आणखी उठवायचं? पण त्या एका फेरबदलाने वाडीचा प्रमुख, पाळ्या आणि भांडणंसुद्धा जागच्या जागी आली. तात्पुरती घरंही तशीच दिली गेली. २००७ च्या अखेरीपर्यंत सुमारे सत्तर टक्के लोक डोंगरावर परतले होते.

२०११ मध्ये हा धडा सगळीकडे पाळला गेला नाही. पुष्कळ ठिकाणी पुन्हा लॉटरी झाली, कारण घरं थोडी होती आणि माणसं फार. पण जिथे पाळला गेला, तिथे फरक मोजताही आला. सेन्दाइजवळच्या इवानुमा शहरात योगायोगाने त्सुनामीच्या सातच महिने आधी संशोधकांनी वृद्धांची पाहणी केली होती. नंतर त्याच माणसांना पुन्हा गाठलं. जे गटाने स्थलांतरित झाले, त्यांचं एकमेकांकडे जाणं-येणं वाढलं होतं. जे एकेकटे गेले, त्यांचं घटलं होतं. याच शहरात किनाऱ्यावरच्या सहा वस्त्या पुढे तामाउरा-निशि या नव्या जागी एकत्र वसल्या.

कामाइशीच्या हेइता भागात तोक्यो विद्यापीठाच्या लोकांनी आणखी साधी गोष्ट केली. तात्पुरती घरं एरवी आगगाडीच्या डब्यांसारखी एकाच दिशेला तोंड करून उभी असतात, म्हणजे तुमच्या दारासमोर शेजाऱ्याची पाठ. इथे त्यांनी दारं समोरासमोर केली, मध्ये लाकडी फळ्यांचा ओटा टाकला आणि वर छप्पर घातलं. ओटा म्हटल्यावर तुम्हाला कळलंच असेल. त्यावर माणसं बसली.

तोहोकूत, म्हणजे त्सुनामीने झोडपलेल्या ईशान्य जपानात, एक शब्द आहे, ओचाक्को. चहापाण्याला बसणं, इतकाच अर्थ. चहासोबत लोणचं असतं, मिठातला मुळा किंवा काकडी, आणि ते तळहातावर वाढतात. मी एका वसाहतीत दर गुरुवारी जायचो. सुरुवातीला आम्ही बाहेरून आलेली मंडळी चहा करायचो आणि आज्या पाहुण्यांसारख्या हात मांडीवर ठेवून बसायच्या. अर्ध्या तासात सगळं शांत. एकदा माझ्या सहकाऱ्याला यायला उशीर झाला आणि मला त्या किटलीचं झाकण काही केल्या उघडेना. एक आजी उठल्या, माझ्या हातातून किटली घेतली आणि म्हणाल्या, "तुला काहीच कसं येत नाही?" त्या दिवशी तीन तास कोणी हललं नाही. पुढच्या गुरुवारपासून चहाची पाळी त्यांनी आपापसात लावली आणि आम्ही पाहुणे झालो. मदत घेऊन घेऊन माणूस किती अवघडतो, हे मला त्या किटलीने शिकवलं.

आता कौतुकाची दुसरी बाजू सांगायलाच हवी, नाहीतर हे पर्यटनखात्याचं पत्रक होईल.

गामान, म्हणजे निमूट सोसणं. रांगेत ते सुंदर दिसतं. पण थंडगार शाळेच्या जमिनीवर झोपलेली आजी रात्री शौचाला जाताना दहा जणांना ओलांडावं लागेल म्हणून दिवसभर पाणीच पीत नाही, तेव्हा तेच गामान जीव घेतं. पायात रक्ताची गुठळी होते, न्युमोनिया होतो, माणूस जातं. अशा मृत्यूंची इथे वेगळी नोंद होते. २०१६ च्या कुमामोतो भूकंपात थेट ५० माणसं गेली आणि नंतरच्या हालअपेष्टांनी त्याच्या चौपट. नोतोतही नंतरचे मृत्यू थेट मृत्यूंच्या पुढे गेले. २०११ च्या काही निवाऱ्यांत तर बायकांना कपडे बदलायला आडोसा नव्हता, कारण प्रमुख म्हणाले, "आपण सगळे एका घरचे, आडोसा कशाला?" तो प्रमुख बहुतेक वेळा पुरुष आणि तोही साठीपुढचा. सॅनिटरी नॅपकिन त्याच्याच हातून घ्यायचे. तक्रार कोण करणार?

आज्ञाधारकपणाचंही तसंच. २०११ मधली इशिनोमाकीची ओकावा प्राथमिक शाळा घ्या. भूकंपानंतर जवळजवळ पन्नास मिनिटं मुलं मैदानात थांबली होती. मागेच टेकडी होती. १०८ पैकी ७४ मुलं आणि दहा शिक्षक त्सुनामीत गेले. पालक न्यायालयात गेले, आणि शाळेची व प्रशासनाची आधीची तयारीच अपुरी होती, हा २०१८ चा निकाल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झाला. उलट कामाइशीच्या उनोसुमाइ भागातली शाळकरी मुलं ठरलेल्या जागेपाशी पोचली, मागचा कडा ढासळताना दिसला, म्हणून तिथे न थांबता आणखी वर पळाली आणि वाचली. त्याच उनोसुमाइत एक नवं आपत्ती केंद्र होतं. ते त्सुनामीसाठीचं अधिकृत ठिकाण नव्हतंच. पण खरं ठिकाण म्हाताऱ्यांना लांब पडतं म्हणून कवायती सोयीने केंद्रातच व्हायच्या, अगदी ३ मार्चलासुद्धा. आठ दिवसांनी लोक सवयीने तिथेच गेले. दीडशेहून जास्त माणसं तिथे बुडाली असावीत. गाव एकच, दिवसही एकच.

म्हणूनच त्या किनाऱ्यावर 'तेन्देन्को' हा शब्द मुद्दाम जपतात. त्सुनामी आली की ज्याने त्याने आपापलं पळायचं, आईसाठीही थांबायचं नाही. ऐकायला क्रूर वाटतं. पण आई पळाली असेल असा भरवसा मुलाला आणि मूल पळालं असेल असा भरवसा आईला, हे घरात आधी बोलून ठेवलेलं असेल तरच ते जमतं. शोबोदानवाल्यांना ते जमलं नाही. समुद्राकडचे पूरदरवाजे बंद करायला आणि म्हाताऱ्यांना आणायला ते मागे गेले. त्यांचे अडीचशेहून अधिक जण मेले किंवा बेपत्ता झाले. आता किती मिनिटं उरली की काम टाकून निघायचं, याचे नियम पथकांनी केलेत.

आणि सगळ्यात काळं पान १९२३ चं. १ सप्टेंबरच्या कान्तो भूकंपात एक लाखाहून जास्त माणसं गेली. मग कोरियन लोक विहिरींत विष टाकतायत अशी अफवा उठली. गल्लोगल्लीच्या रखवालदार टोळ्यांनी कोरियन माणसांना शोधून शोधून मारलं. त्याही शेजाऱ्यांच्याच टोळ्या होत्या. पुढे युद्धकाळात गल्लीमंडळं सरकारी हेरगिरीच्या कामी आली, म्हणून १९४७ मध्ये अमेरिकी अंमलाखाली त्यांच्यावर बंदीही आली होती. तुम्ही परक्या देशातले, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. शेजारधर्माच्या वर्तुळात आपण आत असायला हवं आणि ते शांततेच्या दिवसांतच घडतं.

वडिलांच्या 'रक्ता'बद्दल. १८५४ ची गोष्ट आहे, वाकायामातल्या हिरोमुरा गावची. हामागुची गोर्यो या व्यापाऱ्याने रात्री भाताच्या गंजी पेटवून लोकांना टेकडीची वाट दाखवली, हे जपानी शाळकरी मुलांना पाठ असतं. पुढचं सहसा कोणी सांगत नाही. त्सुनामीनंतर गाव ओस पडायला लागलं होतं, लोक पोटासाठी निघून चालले होते. गोर्योने स्वतःच्या पैशाने त्याच गावकऱ्यांना मजुरी देऊन सुमारे ६०० मीटर लांब, पाच मीटर उंच बांध बांधून घेतला. काम जवळजवळ चार वर्षं चाललं. तोवर लोक गावात टिकले आणि १९४६ च्या त्सुनामीत त्याच बांधाने गावाचा मोठा भाग वाचवला. चिवटपणा रक्तात असता तर रोजची मजुरी कशाला द्यावी लागली असती?

दुसरं ओनागावाचं. हे ते गाव, जिथे २०११ मध्ये आपल्या एनडीआरएफचे ४६ जवान मृतदेह शोधायला आले होते. तिथल्या ताकेनोउरा वाडीची माणसं दूर आकिता प्रांतात निवाऱ्याला होती. सिंहनृत्याचा मुखवटा समुद्राने नेला होता. त्यांनी बसायची गादी आणि स्लिपर जोडून सिंहाचं तोंड केलं आणि नाच केला. यातलं मला काय भावतं सांगू? ढोलाचा ठेका कोणाला येतो आणि सिंहाच्या मागच्या पायांत कोण शिरतं, हे त्यांना ठरवावं लागलं नाही. वर्षानुवर्षं गणपतीत ज्याचं काम ढोल बांधायचं तोच तो बांधतो, तसंच. वडिलांना सांगा, आपल्याकडे ही यादी असते. फक्त ती अनंत चतुर्दशीनंतर अकरा महिने गुंडाळून ठेवतो.

आता तुम्ही काय करायचं. तुमच्या एदोगावा विभागाची सुमारे सत्तर टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. विभागाने २०१९ मध्ये घरोघरी दिलेल्या पूरनकाशाच्या मुखपृष्ठावर चक्क 'इथे थांबू नका' असं लिहिलं होतं. म्हणजे तुमच्यासाठी मोठ्या पुराचा प्रश्न भूकंपाइतकाच खरा आहे, आणि उत्तर 'शाळेत जा' इतकं सरळ नाही, विभागाबाहेर जायचं आहे. आधीच, गाड्या चालू असताना. कुठे आणि कोणाकडे, हे आजच बायकोशी बोलून ठेवा. चिबात किंवा योकोहामात मराठी ओळखीचं कोणी असेल तर त्यांनाही विचारून ठेवा.

तुमची इमारत जुनी आणि लहान असावी, नाहीतर पाटी हातोहात फिरली नसती. मोठ्या इमारतीत हे वेगळं चालतं, तिथे व्यवस्थापन समितीला विचारावं लागतं. तुमच्याकडे मात्र ती पाटी, काइरानबान म्हणजे गल्लीच्या मंडळाची घरोघर फिरणारी सूचनापाटी, हाच रस्ता आहे. फोनमधून भाषांतर करून ती वाचा. ऑगस्टच्या पाटीत बहुधा सप्टेंबरच्या कवायतीची सूचना असेल. जा. भाषा येत नसेल तरी चालतं, तिथे बादल्या, नळी आणि भाताची पातेली उचलायला तरणे हात नेहमी कमीच पडतात. एकदा दिसलात की पुढच्या वर्षी पाळी गळ्यात पडेल, तीही घ्या.

आणि पाटी पलीकडे नेताना मुठीला अडकवू नका. बेल वाजवा, हातात द्या, नाव सांगा, शेजारच्याच दारी राहता ते सांगा. सकाळी दहानंतर जा. आजींना दारापर्यंत यायला वेळ लागेल, तेव्हा दुसऱ्यांदा बेल वाजवायची घाई करू नका. दार उघडलं की आत डावीकडे की उजवीकडे अंथरूण घालतात, ते बहुधा दिसेलच.